अ‍ॅक्सेलरेटर काय देतो, किती घेतो: पुण्यातल्या नव्या उद्योजकांसाठी हिशेब

अ‍ॅक्सेलरेटर म्हणजे ठरावीक मुदतीचा कार्यक्रम. दहा-पंधरा स्टार्टअपची एक तुकडी एकाच दिवशी आत येते, तीन ते सहा महिने राबते आणि शेवटी ‘डेमो डे’ला गुंतवणूकदारांपुढे उभी राहून बाहेर पडते. या काळात थोडे पैसे मिळतात, दर आठवड्याला कामाचा जाब द्यावा लागतो आणि ज्या लोकांपर्यंत एरवी पोचता येत नाही त्यांच्याशी गाठ घालून दिली जाते. बदल्यात कार्यक्रम कंपनीचे काही टक्के शेअर घेतो. म्हणजे हे शिक्षणही नाही आणि अनुदानही नाही. हा सौदा आहे, आणि त्यात तुम्ही विकत घेता तो मुख्यतः वेळ. एक वर्षात कळलं असतं ते तीन महिन्यांत कळावं, यासाठी मालकीचा तुकडा द्यायचा.

ही पद्धत २००५ साली अमेरिकेत वाय कॉम्बिनेटरनं सुरू केली. एकेका कंपनीला सुटं सुटं भेटण्यापेक्षा सगळ्यांना सारख्या अटींवर, एका तुकडीत घ्यायचं, ही त्यांची मूळ कल्पना. २०२२ पासून त्यांची अट अशी: एकूण ५ लाख डॉलर, त्यातले सव्वा लाख डॉलर ७ टक्क्यांसाठी, आणि उरलेले पावणेचार लाख पुढच्या गुंतवणूकदाराला ज्या सर्वांत चांगल्या अटी मिळतील त्या अटींवर. रेझरपे, मीशो आणि ग्रो या भारतीय कंपन्या याच दारातून गेलेल्या आहेत.

वाढत्या अर्थव्यवस्थेत अशा मधल्या माणसाची गरज का पडते? बँक तीन वर्षांचे ताळेबंद आणि तारण मागते, आणि सहा महिन्यांच्या कंपनीकडे दोन्ही नसतं. खासगी गुंतवणूकदाराला शंभर अर्ज येतात आणि वाचायला सवड दहाच असते. मोठ्या कारखान्याला नवं तंत्रज्ञान हवं असतं, पण समोरची चार पोरं पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतील की नाही याची खात्री नसते. तिघांची अडचण एकच आहे: अनोळखी माणसाची पारख करायला लागणारा खर्च. अ‍ॅक्सेलरेटर ती पारख एकदा करतो आणि आपलं नाव पणाला लावतो. म्हणूनच ज्या कार्यक्रमाच्या शब्दाला बाजारात वजन नाही, तो फुकट असला तरी महाग पडतो.

आधी इन्क्युबेटर, मग अ‍ॅक्सेलरेटर

पुण्यात या दोघांची गल्लत फार होते, कारण इथे इन्क्युबेटर जास्त आणि चांगले आहेत. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आधारानं २००७ पासून चालणारं व्हेंचर सेंटर, शिवाजीनगरला सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट, विद्यापीठाचं नवोपक्रम केंद्र, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधलं पिंपरी-चिंचवडचं केंद्र. इथे जागा मिळते, उपकरणं मिळतात, सरकारी पैशांची वाट कळते, आणि मुख्य म्हणजे घाई नसते. औषधाचा रेणू, वैद्यकीय उपकरण, बॅटरीचं रसायन असल्या गोष्टी बारा आठवड्यांत पुढे सरकत नाहीत. अशा कंपनीनं लवकर अ‍ॅक्सेलरेटर गाठला तर डेमो डेला दाखवायला काही नसतं आणि शेअर मात्र गेलेले असतात.

तेव्हा वस्तू बनते का, हाच प्रश्न अजून सुटायचा असेल तर आधी अनुदान पाहावं. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी प्रयास’मध्ये नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात, आणि त्यासाठी कंपनी काढलेलीच हवी असं नाही. जैवतंत्रज्ञानात असाल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी. २०२१ साली आलेल्या ९४५ कोटींच्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेतही पैसा इन्क्युबेटरच्याच हातून वाटायचं ठरलं: नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तेही टप्प्याटप्प्यानं, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे. अशा योजनांच्या फेऱ्या उघडतात आणि बंद होतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी इन्क्युबेटरमध्ये जाऊन विचारलेलं बरं.

या सीड फंडाच्या पात्रतेत एक अट होती, ती बऱ्याच जणांना उशिरा कळली. अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांहून जुनी नको. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हौसेनं कंपनी नोंदवायची, मग दीड वर्ष नोकरी करायची आणि परत कंपनीकडे वळायचं, असं झालं की ती मुदत कंपनीनं काहीही न करता संपते. शिवाय दरवर्षीचं ऑडिट आणि कंपनी खात्याचे फॉर्म चुकलेले असतात, त्यांचा दंड वेगळा. पैसे घ्यायचे किंवा बिल फाडायचं ठरेपर्यंत प्रायव्हेट लिमिटेड काढायची घाई करू नये.

अर्जाआधीची कागदपत्रं

निवडीच्या मुलाखती छोट्या असतात, बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांच्या. परीक्षक कल्पनेपेक्षा तीन गोष्टी चाचपतात: तुम्ही किती गिऱ्हाइकांशी प्रत्यक्ष बोललात, संस्थापकांपैकी वस्तू बनवणारं कोण आणि विकणारं कोण, आणि गेल्या महिन्याभरात काय हललं. ‘भारताची बाजारपेठ अमुक हजार कोटींची आहे’ हे वाक्य तुमच्या आधीच्या वीस जणांनीही म्हटलेलं असतं.

मुलाखतीत पास होऊन कागदपत्रांत अडकणारे खूप. सर्वांत जास्त घोळ संस्थापकांमधल्या शेअरवाटपात होतो. दोन मित्र निम्मे-निम्मे शेअर घेतात, आठ महिन्यांनी एकाला बंगळुरूला नोकरी लागते आणि कंपनीचा निम्मा मालक कायमचा घरी बसतो. अशा कंपनीत कोणी पैसे घालत नाही. यावर उपाय म्हणजे व्हेस्टिंगचा करार: शेअर चार वर्षांत हळूहळू ‘कमवायचे’, आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेलं तर सगळे परत करायचे. हे मैत्री चांगली असतानाच लिहून घ्यावं.

दुसरा घोळ बौद्धिक संपदेचा. हिंजवडीतली नोकरी सांभाळत रात्री कोड लिहिला असेल तर नेमणूकपत्र काढून वाचा. कर्मचाऱ्यानं केलेल्या कामावर कंपनीचा हक्क सांगणारं कलम त्यात बहुतेक वेळा असतं, आणि गुंतवणूकदाराचा वकील नेमकं तेच शोधतो. कोड, डिझाइन, नाव आणि डोमेन हे सगळं संस्थापकांनी कंपनीच्या नावे लिहून दिलेलं असायला हवं.

पेटंटचं तर वेळापत्रकच पाळावं लागतं. शोध जाहीरपणे दाखवला की त्याचं नावीन्य गेलं असं कायदा धरतो, आणि डेमो डे म्हणजे जाहीर प्रदर्शनच. म्हणून मंचावर जायच्या आधी निदान तात्पुरता अर्ज टाकावा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे आणि ती धरून ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये होतं. पूर्ण तपशील पुढच्या बारा महिन्यांत द्यायचा, तो दिला नाही तर अर्ज बाद. ही सवलत मिळते ती डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाच्या मान्यतेवर, आणि ती मान्यता फुकट आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत.

‘वीस लाख, सहा टक्के’ म्हणजे नेमकं किती

समजा, एका कार्यक्रमानं २० लाख रुपये देऊन ६ टक्के शेअर मागितले. वरवर पाहता कंपनीची किंमत ३ कोटी ३३ लाख झाली. पण काही कार्यक्रम याच पैशातून फी कापतात. ती ५ लाख असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५ लाख ९० हजार गेले, हातात उरले १४ लाख १० हजार. त्यासाठी ६ टक्के दिले, म्हणजे खरी किंमत २ कोटी ३५ लाख. त्या ९० हजारांच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण ते वापरायला तुमची स्वतःची विक्री असावी लागते. विक्री नसली की ते नुसतं पोर्टलवर दिसत राहतं.

आता हे १४ लाख किती पुरतात ते पाहू. दोन संस्थापक महिन्याला प्रत्येकी ३५ हजारांवर भागवतात, एक फर्मवेअर इंजिनिअर ७० हजार, सर्किट बोर्ड आणि सुटे भाग ३५ हजार, बाणेरला दोन-तीन खुर्च्या २० हजार, सीए-सीएस १० हजार, फिरण्याचा खर्च १० हजार. झाले महिन्याचे २ लाख १५ हजार. पैसे साडेसहा महिन्यांत संपतात. कार्यक्रम तीन महिन्यांचा असतो आणि डेमो डेनंतर पैसा खात्यावर यायला आणखी तीन ते सहा महिने सहज जातात. म्हणजे पैसा यायला सहा महिने लागले तर शेवटचे दोन-अडीच महिने कोरडे. हा खड्डा आधीच दिसत असेल तर पहिली पगारी भरती दोन महिने पुढे ढकलता येते. मंचावर चढायच्या आठवड्यात तो दिसला तर गुंतवणूकदारालाही दिसतो, आणि किंमत पडते.

शेअर कसे विरघळतात तेही एकदा कागदावर मांडून पाहा. दोघांकडे मिळून १०० टक्के होते, ६ गेले, ९४ उरले. मग एका गुंतवणूकदाराकडून ५० लाख घेतले, ‘आयसेफ’ या प्रकारानं. २०१९ मध्ये मुंबईच्या १००एक्स डॉट व्हीसी या गुंतवणूकदार संस्थेनं आणलेली ही पद्धत. कायद्याच्या भाषेत हे सक्तीनं रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर. कंपनीची किंमत आज ठरवायची नाही, गुंतवणुकीची पुढची मोठी फेरी होईल तेव्हा त्यांचे साधे शेअर करायचे, पण किंमत एका मर्यादेच्या वर धरायची नाही. पैसे धरून मर्यादा ४ कोटी असेल तर ५० लाखांचे साडेबारा टक्के होतात. पुढच्या फेरीत, नवे पैसे न धरता, ८ कोटींच्या किमतीवर २ कोटी आले, म्हणजे २० टक्के गेले. नव्या गुंतवणूकदारानं कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के बाजूला ठेवायला लावले, तेही जुन्या मालकांच्याच वाट्यातून. शेवटी दोघांचे मिळून उरतात सुमारे ५७.६ टक्के, म्हणजे प्रत्येकी २८.८. अ‍ॅक्सेलरेटरचे ६ टक्के ३.७ वर येतात.

हा आकडा वाईट नाही. वाईट तेव्हा होतो, जेव्हा करारात ‘पहिली किंमत ठरलेली फेरी होईपर्यंत आमचा टक्का घटणार नाही’ असं बारीक अक्षरात असतं. मग त्यांच्या वाट्याची घटही संस्थापकच सोसतात. सुरुवातीलाच १५-२० टक्के मागणारा कार्यक्रम असेल तर दुसऱ्या फेरीचा गुंतवणूकदार संस्थापकांकडे काय उरलं आहे ते पाहून परत जातो. माझ्या मते पहिल्या पैशाला ५ ते ७ टक्के वाजवी, १० टक्क्यांना कारण विचारावं, त्यापुढे उठून यावं.

आतले बारा आठवडे

पहिले दोन-तीन आठवडे मोडतोडीचे असतात. तुम्ही ज्याला गिऱ्हाईक समजत होता तो नुसता कौतुक करणारा निघतो. चांगला कार्यक्रम या काळात तुम्हाला खोलीत बसू देत नाही. आठवड्याला दहा-पंधरा भेटी, आणि ‘आवडेल का’ असं विचारायचं नाही, ‘सध्या हे काम कसं करता आणि त्यावर किती खर्च होतो’ असं विचारायचं. मग एक आकडा ठरतो, पैसे देणारी गिऱ्हाइकं किंवा महिन्याची वसुली, आणि दर शुक्रवारी तो फळ्यावर लिहावा लागतो. अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं, हा आकडा सहसा कोणी लिहू देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मेंटरांचा मारा हे या काळातलं ठरलेलं दुखणं. सोमवारी एक जण सांगतो मासिक वर्गणी घ्या, बुधवारी दुसरा म्हणतो यंत्र विका. दोघांचा अनुभव खरा असतो, धंदे वेगळे असतात. सगळ्यांचं ऐकणारी तुकडी आठव्या आठवड्यात तिथेच असते. ज्यानं तुमच्याच प्रकारच्या गिऱ्हाइकाला गेल्या पाच वर्षांत काही विकलं आहे, असे दोन मेंटर पुरेत. बाकीच्यांना चहा पाजून निरोप द्यावा.

क्लाउडचे फुकट क्रेडिट मिळतात, काही वेळा लाखो रुपयांचे. त्यांना मुदत असते. मुदत संपल्यावर महिन्याचं खरं बिल किती येईल, ते पहिल्या महिन्यातच काढून ठेवावं.

पुण्याची खरी अडचण: पायलट, म्हणजे गिऱ्हाइकाकडची चाचणी

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला बारा आठवडे पुरतात. पण पुण्यातल्या बऱ्याच स्टार्टअपचं गिऱ्हाईक चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगावचा कारखाना असतं, आणि कारखान्याला डेमो डेची तारीख माहीत नसते. उदाहरणार्थ, सीएनसी मशीनच्या स्पिंडलचा कंप मोजून बिघाड आधी सांगणारा सेन्सर घ्या. प्लँट हेडनं ‘लावून बघा’ म्हटलं, की संस्थापकाला वाटतं काम झालं. पुढे मेंटेनन्सला मशीन थांबवायला वेळ नसतो, आयटी विभाग नेटवर्कवर परकं यंत्र जोडू देत नाही, आत येणाऱ्या माणसांचा विमा आणि गेटपास सुरक्षा विभाग मागतो. परचेसला व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद) काढायला पॅन, जीएसटी, उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक आणि कधीकधी तीन वर्षांचे ताळेबंद लागतात. (भोसरी-पिंपरीकडे बऱ्याच ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते, गुरुवारची भेट ठरवून रिकाम्या गेटवर पोचणं हा इथला दीक्षाविधीच.)

इथे चांगल्या अ‍ॅक्सेलरेटरची किंमत वसूल होते. तो व्हेंडर कोड होईपर्यंत आधीच नोंदलेल्या पुरवठादाराच्या नावे बिल करायची वाट काढून देतो, आणि पायलटचं पत्र नीट लिहून घेतो. त्या पत्रात किती मशीन, किती दिवस, यश म्हणजे कोणता आकडा, तो मोजणार कोण, यश आल्यावर ऑर्डर किती मशीनची आणि काय दरानं, आणि सही कोणाची, एवढं असलंच पाहिजे. ‘समाधानकारक कामगिरी’ असा शब्द असेल तर ते पत्र निरुपयोगी. सहा मशीन, साठ दिवस, दहापैकी आठ बिघाडांची सूचना निदान एक शिफ्ट आधी, असं लिहिलं की वाद उरत नाही. आणि पायलट पूर्ण फुकट करू नये. पंचवीस हजार का होईना, पैसे दिलेल्या कामाकडे मेंटेनन्सचा माणूस लक्ष देतो. फुकटचं यंत्र कोपऱ्यात धूळ खातं.

कारखान्याचं खर्चाचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाच्या यंत्रखरेदीच्या मागण्या साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत गोळा होतात. जून-जुलैला लावलेला पायलट सप्टेंबरात संपला तर निकाल वेळेत पोचतो. जानेवारीत सुरू झालेल्या तुकडीचा पायलट मार्चअखेर संपतो, आणि निकाल कितीही चांगला आला तरी उत्तर मिळतं, ‘यंदाचं बजेट झालं.’ यावर वाट एकच: यंत्र विकायच्या ऐवजी महिन्याच्या भाड्यानं द्यायचं, आणि भाडं प्लँट हेडच्या स्वतःच्या मंजुरीच्या मर्यादेत बसवायचं. म्हणून पुण्यात अर्ज करताना तुकडी कोणत्या महिन्यात सुरू होते हे आधी पाहावं. रक्कम त्यानंतर.

सरकारी गिऱ्हाइकाचीही गोष्ट वेगळी नाही. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारी विभागात प्रयोग करायला कार्यादेश मिळतो. ती उत्तम सुरुवात आहे, पण प्रयोगानंतर खरेदी कोणत्या लेखाशीर्षाखाली होणार, हे त्या विभागाला पहिल्याच बैठकीत विचारावं लागतं.

पैसे वेळेवर यावेत म्हणून उद्यम नोंदणी आधी करावी. एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि नसला तर १५ दिवसांत, खरेदीदारानं पैसे द्यायचे असतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकराची नवी तरतूदही लागू झाली: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चमध्ये समोरचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो.

डेमो डेनंतर

मंचाखाली भेटून ‘इंटरेस्टिंग’ म्हणणारे वीस गुंतवणूकदार म्हणजे शून्य रुपये. टर्मशीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या कागदावर, सही होईपर्यंत काही नाही, आणि टर्मशीटनंतरही छाननी असते.

पैसे आल्यावरचीही एक जागा सांभाळायची आहे. खासगीरीत्या शेअर देताना पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात, ६० दिवसांत शेअर वाटावे लागतात, आणि वाटपाचा पीएएस-३ हा फॉर्म कंपनी खात्याकडे भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. पगार थकलेत म्हणून त्यातूनच दिले, ही चूक पुढच्या फेरीच्या छाननीत हमखास सापडते. एक जुनी डोकेदुखी मात्र गेली आहे: वाजवी किमतीपेक्षा महाग शेअर विकले म्हणून लागणारा ‘एंजल टॅक्स’ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानं रद्द केला.

परदेशी कार्यक्रम निवडला तर तो बहुतेक वेळा मूळ कंपनी अमेरिकेत किंवा सिंगापूरला काढायला लावतो. गिऱ्हाईक तिकडचं असेल तर ठीक. गिऱ्हाईक चाकणचं असेल तर पुढे शेअर बाजारात यायला कंपनी परत आणावी लागते, आणि ते स्वस्त नाही. फोनपे सिंगापूरहून भारतात आली तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला होता.

सही करण्याआधी कार्यक्रमाच्या मागच्या दोन तुकड्यांची यादी मागा. त्यातल्या प्रत्येक कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकून पाहिलं की ती चालू आहे की नोंदणीतून काढली गेली, हे फुकटात कळतं. चालू असलेल्या दोघांना आणि बंद पडलेल्या दोघांना फोन करा. विचारायचं एवढंच, की पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक कार्यक्रमानं आणून दिलं का, आणि ते कोणत्या महिन्यात.